घड्याळात पाणी शिरले तर

मनगटावरचे घड्याळ ही काही केवळ मिरवायची वस्तू नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री दोन वाजता येणार असेल, तर दोन कधी वाजले ते शेतकऱ्याला कळायला हवे. दवाखान्यातली नर्स नाडीचे ठोके मोजते, ती सेकंद काट्यावर नजर ठेवून. एसटीचा कंडक्टर, पाळीवर जाणारा कामगार, शाळेची घंटा देणारा शिपाई, या सगळ्यांचे काम घड्याळाशी बांधलेले असते. आता वेळ मोबाइलवरही दिसते, हे खरे. पण हात चिखलात असताना मोबाइल कोण काढणार? मनगट वळवले की काम झाले.

शिवाय काही घड्याळे नुसती वेळ सांगत नाहीत. कोणाला ते लग्नात मिळालेले असते. कोणाच्या वडिलांनी पहिल्या पगारातून घेतलेले असते. असे घड्याळ बंद पडले, तर नवे आणून त्याची भरपाई होत नाही.

पावसाळा सुरू झाला, की वाचनवर्गात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. “घड्याळात पाणी गेलंय, आता काय करू?” या पाठात आम्ही त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो:

वाळले म्हणजे वाचले, असे नव्हे.

भिजलेले घड्याळ दोन दिवसांनी पुन्हा चालू लागते. काचेवरची वाफ जाते. आपण म्हणतो, “बरं झालं, खर्च वाचला.” पण खरे नुकसान त्यानंतर होते. ते कसे, ते आता पाहू.

१. पाणी येते कोठून?

घर कितीही पक्के असले तरी त्याला दारे-खिडक्या असतातच. घड्याळालाही तीन दारे असतात. पहिले दार म्हणजे काचेची कड. दुसरे, मागचे झाकण. तिसरे, चावीची दांडी जिथून आत जाते ते बारीक भोक. चांगल्या घड्याळात या तिन्ही ठिकाणी रबराची किंवा प्लॅस्टिकची बारीक कडी बसवलेली असते. तिला वॉशर म्हणतात. वॉशर मऊ आणि घट्ट आहे तोवर पाणी बाहेर राहते.

पण रबर म्हातारे होते. घाम, साबण, ऊन यांनी ते कडक होते आणि त्याला चिरा पडतात. पंपाचा वॉशर जसा बदलावा लागतो, तसाच घड्याळाचाही बदलावा लागतो. पंप गळला की आपल्या लगेच ध्यानात येते. घड्याळाचा वॉशर खराब झालेला मात्र कळत नाही. पहिला मोठा पाऊस लागतो, तेव्हाच ते समजते.

आणखी एक गंमत पाहा. दुपारचे ऊन आहे. घड्याळ तापले आहे. त्याच्या आतली हवाही तापली आहे. अशा वेळी आपण विहिरीत उडी मारली. विहिरीचे पाणी गार. घड्याळ एकदम थंड झाले. थंड झाली की हवा आकसते. आकसलेली हवा बाहेरचे आत ओढू पाहते. बाहेर काय आहे? पाणी. वॉशर जरा सैल असला, की घड्याळ घोटभर नाही तरी थेंबभर पाणी पिते. तेवढा थेंब त्याला पुरतो.

साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत लवकर शिरते. म्हणून आंघोळ करताना किंवा धुणे धुताना घड्याळ हातात नको.

२. आत गेल्यावर पाणी काय करते?

आधी चावीचे घड्याळ घेऊ. आपल्याकडे अशी घड्याळे घरोघर आली ती एचएमटीमुळे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. तिथले ‘जनता’ नावाचे घड्याळ तर पुष्कळांच्या मनगटावर असे. आजही अनेक घरांत ते जपून ठेवलेले आहे.

‘जनता’सारख्या घड्याळात एक कमान असते. आपण चावी देतो तेव्हा ती गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि चक्रे फिरवते. चक्रांचा वेग आवरायला एक झुलते चाक असते. ते एका सेकंदाला पाच ठोके देते. म्हणजे तासाला अठरा हजार, आणि दिवसाला चार लाख बत्तीस हजार. एवढे ठोके देणारे ते चाक ज्या टोकांवर झुलते, ती टोके एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही बारीक असतात. आपल्या डोक्याचा केस जवळपास तेवढाच जाड असतो.

ही टोके पोलादाची असतात. चावीची दांडी पोलादाची. स्क्रू पोलादाचे. पोलाद, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. हे आपल्याला ठाऊक आहे. ओला विळा तसाच टाकला, तर सकाळी त्याच्यावर तांबूस डाग दिसतात. विळ्याचे ठीक आहे. दगडावर दोन हात घासला की तो पुन्हा चालतो. पण केसाएवढ्या टोकाला घासायचे किती आणि उरवायचे काय?

गंज तेवढ्यावर थांबत नाही. त्याची पूड होते. ती पूड तेलात मिसळते. तेल म्हणून घातलेले, पण आता ते पॉलिश कागदासारखे घासू लागते. घड्याळ चालू असते, आणि चालता चालताच झिजत असते. आधी ते मागे पडू लागते. मग मधूनच थांबते. एक दिवस चावी देताना दांडी तुटते आणि चावी हातात येते. दांडीच आधी का तुटते? पाणी बहुधा तिच्याच वाटेने आलेले असते म्हणून.

आता पाणी कोणते, तेही पाहावे लागते. पावसाचे किंवा विहिरीचे पाणी असेल, तर एक-दोन दिवसांत गंज धरू लागतो. समुद्राचे पाणी असेल, तर काही तासांतच. गणपतीच्या विसर्जनाला समुद्रात शिरताना हे ध्यानात ठेवावे. खारे पाणी वाळले, तरी मीठ आतच राहते. आणि मिठाचा गुण काय? पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, ते आठवा. घड्याळातले मीठही हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंज पुन्हा सुरू होतो. घामाचेही तसेच. घाम म्हणजे मीठपाणीच.

म्हणूनच आम्ही म्हणतो, वाळले म्हणजे वाचले नव्हे. पाणी उडून जाते. त्याने केलेली घाण मागे राहते.

३. काचेवरची वाफ काय सांगते?

भात शिजत असताना झाकण उचलले, तर झाकणाच्या आतल्या बाजूला घाम दिसतो. घड्याळाच्या काचेवरची वाफ तशीच आहे. घड्याळाच्या आत ओलावा आहे. मनगटाच्या उबेने त्याची वाफ होते. बाहेरच्या गार हवेने काच थंड झाली, की वाफ तिला चिकटते.

ही वाफ सकाळी दिसते आणि दुपारी जाते. तेव्हा ओलावा गेला, असे समजू नका. घड्याळ गरम झाले, म्हणून वाफ दिसेनाशी झाली, एवढेच. ओलावा डबीतच आहे. वाफ पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा काचेच्या आत थेंब दिसत असतील, तर घड्याळ उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

४. पहिल्या तासात काय करावे?

(१) घड्याळ लगेच मनगटावरून काढा. पट्टा चामड्याचा असेल तर तोही सोडवा. ओला पट्टा बराच वेळ ओलावा धरून ठेवतो.

(२) मऊ, सुती, कोरड्या कापडाने घड्याळ पुसा. चावीच्या भोवती आणि झाकणाच्या कडेला नीट पुसा. समुद्राचे पाणी असेल, तर आधी गोड्या पाण्यात कापड ओले करा, ते घट्ट पिळा आणि त्याने बाहेरचे मीठ पुसून काढा. घड्याळ नळाखाली धरू नका. ज्या वाटेने खारे पाणी आत गेले, त्याच वाटेने गोडेही जाईल.

(३) चावीचे घड्याळ असेल तर त्याला चावी देऊ नका. जेवढे कमी चालेल तेवढे बरे.

(४) सेलचे घड्याळ असेल तर बाहेरून पुसून झाल्यावर चावी बाहेर ओढून ठेवा. बहुतेक काट्यांची सेलची घड्याळे त्याने थांबतात. असे का करायचे, ते पुढे सांगितले आहे.

(५) एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: कोणत्या दिवशी भिजले, किती वाजता भिजले, पाणी कोणते होते. ही चिठ्ठी घड्याळासोबत घड्याळजीला द्या. डॉक्टरला आपण ताप कधी आला ते सांगतो, तसेच हे आहे.

(६) घड्याळ त्याच दिवशी दुकानात न्या. दुकान तालुक्याला असेल आणि गाडी उद्याचीच असेल, तर झाकण घट्ट बसणाऱ्या लहान डब्यात घड्याळ ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात बारीक पांढऱ्या खड्यांच्या पुड्या येतात. त्यांना सिलिका जेल म्हणतात. तशा दोन-तीन पुड्या डब्यात टाका. त्या हवेतला ओलावा शोषतात. त्याने गंज थोडा लांबेल. बरे मात्र होणार नाही. पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

५. काय करू नये?

घड्याळ उन्हात, चुलीजवळ किंवा तव्यावर ठेवू नका. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि जिथे पाणी पोचले नव्हते तिथेही वाफ पोचते. घड्याळ थंड झाले की तिचे पुन्हा पाणी होते. प्लॅस्टिकची काच वाकते ती निराळीच.

तांदळाच्या डब्यात पुरू नका. हा उपाय पुष्कळ लोक सांगतात. पण बंद डबीतले पाणी तांदूळ बाहेरून कसे शोषणार? उलट तांदळाचे पीठ कडेच्या फटीत बसते. आणि मोठे नुकसान म्हणजे त्यात चार दिवस जातात.

चाकूने झाकण उचकटू नका. चाकू घसरला, तर तळहाताला लागतो. आत घुसला, तर झुलते चाक मोडते. पाण्याने केले नसते ते आपणच करून बसतो.

चावीच्या भोकातून तेल सोडू नका. खोबरेल तेल तर मुळीच नको. ते थंडीत थिजते, हे आपण बाटलीत पाहतोच. घड्याळजीकडचे तेल निराळे असते आणि तो ते सुईच्या टोकावर येईल एवढेच घालतो. आपण बोलताना ‘घड्याळाचं तेलपाणी करून आणा’ म्हणतो. पण घड्याळाला तेल हवे असते. पाणी नव्हे!

आणखी एक सावधगिरी. जुन्या काळी, साधारण १९६० च्या दशकापर्यंत, काही घड्याळांच्या आकड्यांना रात्री चमकणारा रंग देत. त्यात खरे रेडियम मिसळलेले असे. आज आपण कोणत्याही चमकत्या पट्टीला रेडियम म्हणतो, ते निराळे. खऱ्या रेडियमचे कण शरीरात गेले तर घातक असतात. म्हणून आजोबांच्या काळचे असे घड्याळ भिजले आणि आकड्यांचा रंग सुटू लागला, तर ते घरी उघडू नका. रंग खरवडू नका. त्यावर फुंकर मारू नका. घड्याळजीलाही ही गोष्ट आधी सांगा.

६. घड्याळजीच्या दुकानात

अशा दुकानात होणारे हे बोलणे वाचा.

“काका, घड्याळ भिजलं होतं. आता चालतंय, पण सारखं मागं पडतंय.”

“कधी भिजलं, दादा?”

“झाले चार दिवस. तांदळात घालून ठेवलं होतं.”

“तांदूळ ओले झाले का?”

“नाही बुवा.”

“मग घड्याळातलं पाणी गेलं कुठं?”

गिऱ्हाईक गप्प बसले. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले आणि घड्याळ पुढे केले.

“हे बघा. ही चावीची दांडी. तिच्यावर तांबूस पूड दिसते ना? तो गंज. त्याच दिवशी आणलं असतं, तर नुसत्या धुण्यावर भागलं असतं. आता दांडी बदलावी लागेल. चक्रांची टोकं कशी आहेत, ते खोलल्यावर सांगतो.”

“पण काका, चालत तर होतं!”

“चालत होतं, म्हणूनच जास्त बिघडलं. बंद पडलं असतं तर तुम्ही लगेच आणलं असतं.”

घड्याळजीचे हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. सगळ्या पाठाचे सार त्यात आहे.

आता घड्याळजी काय करतो ते पाहू. तो काटे आणि तबकडी काढतो. मशीन पूर्ण सुटे करतो. प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये किंवा धुण्याच्या खास द्रवात धुतो, बारीक ब्रशाने घासतो आणि वाळवतो. समुद्राचे पाणी गेले असेल, तर नुसते पेट्रोल पुरत नाही. मीठ पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळते. म्हणून अशा वेळी भाग आधी स्वच्छ पाण्याने किंवा पाणी असलेल्या द्रवाने धुवावे लागतात आणि लगेच पुरते कोरडे करावे लागतात. गंजलेले भाग तो घासून पाहतो. घासून भागत नसेल तर बदलतो. मग जुळणी करून ठरलेल्या जागी थेंबाहून थोडे तेल घालतो. शेवटी नवे वॉशर बसवतो.

काही जण नुसते झाकण उघडतात, गरम हवा मारतात आणि घड्याळ परत देतात. काम स्वस्तात होते. पण ते काम नव्हे. म्हणून आधीच सरळ विचारा: “सगळे भाग सुटे करून धुणार ना? वॉशर नवे घालणार ना? कोणते भाग बदलणार? बदललेले जुने भाग मला दाखवाल ना?” विचारण्यात लाज कसली? चांगला घड्याळजी अशा प्रश्नांवर रागावत नाही.

पावती घ्या आणि ती दुकानातच वाचा. पावतीवर एवढे असावे:

घड्याळाचे नाव.
दिल्याची तारीख.
काय बिघडले आहे.
काय काम करायचे ठरले.
किती पैसे ठरले.
परत मिळण्याची तारीख.

यातले एखादे नसेल, तर लिहून घ्या. आपण वाचायला शिकलो, त्याचा उपयोग अशाच वेळी करायचा.

एचएमटीच्या जुन्या घड्याळाविषयी एक सांगायला हवे. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. तिच्या जुन्या घड्याळांचे भाग आता सगळीकडे सहज मिळत नाहीत. पुष्कळदा दुसऱ्या मोडक्या घड्याळातून काढून बसवावे लागतात. म्हणजे भाग गंजू न देणे हेच शहाणपणाचे. वडिलांचे घड्याळ भिजले, तर एक दिवसही घालवू नका.

७. सेलचे घड्याळ भिजले तर?

सेलच्या घड्याळात कमान नसते. एक लहान सेल असतो आणि त्याच्या विजेवर घड्याळ चालते. ही वीज अगदी थोडी, दीड व्होल्टच्या आसपास असते. तिचा झटका बसत नाही. पण ओल्या मशीनमधून ती वाहू लागली, की तांब्याच्या तारा आणि जोड खाऊन टाकते. आतल्या गुंडाळीची तार फारच बारीक असते. ती एका जागी तुटली तरी घड्याळ बंद पडते.

म्हणून सेलच्या घड्याळात पाणी गेले, तर सेल लवकरात लवकर काढला पाहिजे. तो घड्याळजीकडून काढून घ्या. भिजलेला सेल पुन्हा घालू नये. नवा घालावा. काढलेले सेल घरात मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नका. पोटात गेले तर जिवावर बेतते.

सेलचे साधे घड्याळ असेल, तर मशीन धुण्यापेक्षा आख्खे मशीन बदलणे बहुधा स्वस्त पडते. घड्याळजी तसे म्हणाला, तर तो फसवतो आहे असे समजू नका. दोन्हींची किंमत विचारा आणि मग ठरवा.

८. घड्याळाची पाठ वाचा

घड्याळ उलटे करा. झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरे असतात. इंग्रजी येत नसेल, तर वर्गातल्या गुरुजींकडून किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. त्या अक्षरांचा अर्थ असा:

‘स्टेनलेस स्टील बॅक’. याचा अर्थ मागचे झाकण न गंजणाऱ्या पोलादाचे आहे, एवढाच. पाणी आत जाणार नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात.

‘१७ ज्वेल्स’. मशीनमध्ये घर्षण कमी करायला सतरा माणके बसवलेली आहेत. ती कारखान्यात बनवलेली असतात. पाण्याशी त्यांचा संबंध नाही.

‘शॉकप्रूफ’ किंवा ‘पॅराशॉक’. लहानसहान धक्का सोसण्याची सोय आहे. पाण्याशी याचाही संबंध नाही.

‘वॉटर रेझिस्टंट’. हे मात्र पाण्याविषयी आहे. पाण्याला अडवण्याची सोय केलेली आहे, असा त्याचा अर्थ. पाणी कधीच जाणार नाही, असा नव्हे. त्याच्यापुढे बहुधा एक आकडा असतो. तो असा समजून घ्या:

३० मीटर, किंवा ३ बार: हात धुताना उडालेले शिंतोडे आणि थोडा पाऊस चालेल. पोहायचे नाही.
५० मीटर, किंवा ५ बार: थोडे पोहणे चालेल. उडी मारू नये.
१०० मीटर, किंवा १० बार: पोहायला चालेल.
२०० मीटर, आणि पाणबुड्यांसाठी म्हणून बनवलेले: खोल पाण्यात उतरायला.

तुम्ही म्हणाल, तीस मीटर म्हणजे जवळजवळ शंभर फूट. मग साध्या विहिरीत का नको? कारण हा आकडा खोली सांगत नाही. तो दाब सांगतो. दहा मीटर पाण्याचा जेवढा दाब असतो, त्याला साधारण एक बार म्हणतात. कारखान्यात नव्या घड्याळावर तेवढा दाब देऊन पाहतात. तेव्हा घड्याळ स्थिर असते आणि वॉशर कोरा असतो. आपण मात्र पाण्यात हात मारतो, उडी घेतो. आणि आपला वॉशर पाच वर्षांचा असतो.

९. पुन्हा पाणी शिरू नये म्हणून

पाणी अडवण्याचा खरा उपाय चावीपाशी आहे, हे घड्याळे बनवणाऱ्यांना पूर्वीच कळले होते. १९२६ साली रोलेक्स कंपनीने एक घड्याळ काढले. त्याचे झाकण आणि चावी, दोन्ही आट्यांवर आवळून बसत. १९२७ साली मर्सिडीझ ग्लाइट्झ नावाच्या इंग्रज बाईने इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात पोहताना ते घड्याळ बरोबर नेले. ती पुष्कळ तास पाण्यात होती, पण घड्याळ चालत राहिले. यातून आपण एवढेच घ्यायचे: चावी पूर्ण आत हवी. आट्यांची असेल तर पूर्ण आवळलेली हवी. आणि पाण्यात असताना चावीला हात लावायचा नाही.

याशिवाय काय करता येईल?

सेल बदलताना किंवा घड्याळ धुताना वॉशर तपासून घ्या. काचेला तडा गेला, तर ती लगेच बदला. उन्हातून आल्याबरोबर घड्याळासह गार पाण्यात उतरू नका. भातलावणीला, आंघोळीला, रंगपंचमीला घड्याळ घरी ठेवा. रोज रात्री कोरड्या कापडाने घाम पुसा.

दुरुस्तीनंतर झाकण नीट बसले की नाही, ते घड्याळजीला तपासून पाहता येते. काहींकडे हवेचा दाब देऊन पाहायचे यंत्र असते. दुसरी रीत साधी आहे. घड्याळ थोडे कोमट करायचे, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला वाफेचा डाग राहिला, तर आत ओलावा आहे. डाग नसेल, तर आत कोरडे आहे. घड्याळ परत घेताना “एवढं तपासून दाखवा” असे म्हणा.

विळा पुसून ठेवणाऱ्याचा विळा टिकतो. घड्याळाचेही तेच. फरक इतकाच, की घड्याळाच्या आतले आपल्याला पुसता येत नाही. ते पुसणाऱ्याकडे वेळेवर न्यायचे, एवढे आपल्या हाती आहे.

लक्षात ठेवा

१. वाळले म्हणजे वाचले नव्हे.
२. चावी देऊ नका, तापवू नका, उचकटू नका.
३. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. खारे पाणी असेल तर त्याच तासाला निघा.
४. सेलच्या घड्याळातला सेल आधी काढून घ्या.
५. पावती वाचल्याशिवाय दुकान सोडू नका.

शब्दांचे अर्थ

तबकडी – काट्यांच्या मागची आकडे असलेली चकती.
कमान – चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी.
वॉशर – फट बंद करणारी रबराची कडी.
गत्यंतर – दुसरा मार्ग.
बार – दाब मोजण्याचे माप.

प्रश्न

१. घड्याळात पाणी शिरण्याच्या तीन वाटा कोणत्या?
२. काचेवरची वाफ दुपारी नाहीशी होते. तरी ओलावा आत असतो. असे का?
३. समुद्राचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त वाईट का?
४. ‘चालत होतं, म्हणूनच जास्त बिघडलं,’ असे घड्याळजी का म्हणाला?
५. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ याचा अर्थ काय?

करून पाहा

१. दोन जुने खिळे घ्या. एक साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या पाण्यात बुडवून काढा. दोन्ही कागदावर ठेवा. रोज सकाळी पाहा आणि काय दिसले ते वहीत लिहा.
२. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घड्याळाची पाठ पाहा. तिच्यावर पाण्याविषयी काही लिहिले आहे का? आकडा कोणता आहे? तो वहीत लिहून वर्गात आणा.
३. घड्याळजीला द्यायची चिठ्ठी लिहा. तिच्यात दिवस, वेळ आणि पाणी कोणते होते, हे तिन्ही यायला हवे.